डावी कड

१

दर गुरुवारी सकाळी कॉफी झाली की तोर्केल आणि हिलेवी तळघरात उतरून चादरी ओढत. धुऊन अर्धवट सुकलेली चादर, दोन कोपरे तिच्या हातात, दोन त्याच्या. दोघांनी मागं रेलायचं आणि ताणायचं. दोनदा हलकं, तिसऱ्यांदा जोरात. मग घडी घालून ती लाकडी रुळांमधून दाबून काढायची, की इस्त्रीची गरजच नाही. स्वीडनमधल्या हर्नोसांद गावात यात कुणाला काही नवल वाटत नाही. आदल्या दिवशी कडाकडा भांडलेली नवराबायकोसुद्धा सकाळी चादर धरून समोरासमोर उभी राहतात, कारण हे काम एकट्याच्यानं होत नाही. या दोघांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि चादरीवरून त्यांचं कधी वाजलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तोर्केलनं कोपरे पुढं केले आणि हिलेवीची बोटं हवेतच मिटली. कोपरा वीतभर बाजूला होता. ती हसली, म्हणाली, मास्तर, नीट धर की. दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा दोघांपैकी कुणी हसलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. समोरच्याचा चेहरा दिसणार नाही, पण त्याच्या खांद्यापलीकडचं दार दिसेल. डावीकडचं बघायचं असेल तर तोंड उजवीकडे वळवावं लागेल. आणि कडांचंही वसंतापर्यंत काय होईल, ते सांगता येत नाही. परतताना गाडीत हिलेवी एवढंच म्हणाली, की तुझं तोंड तसंही आता बघण्यासारखं राहिलं नव्हतं. पुलाच्या अलीकडच्या सिग्नललाच तोर्केलच्या मनात एक गोष्ट ठरून गेली होती.

हिलेवीनं तरुणपणी हातातल्या छोट्या कॅमेऱ्यानं अठरा रिळं चित्रित केली होती. त्यांचं सगळं तरुणपण एका बुटाच्या खोक्यात पडून होतं. ते भिंतीएवढं मोठं करून तिच्यासमोर धरलं, तर तिच्या कडांना ते सापडेल. डोळे विझायच्या आत तिला ते एकदा धडधडीत दिसलं पाहिजे. चौतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेला माणूस. एकदा ठरलं की ठरलं.

२

पडदा तयार मिळतो, असं हिलेवीनं सांगून पाहिलं. तोर्केल म्हणाला, तो जिन्याच्या वळणातून उतरणार नाही. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्यानं जोडलेली चौकट त्यानं आपल्या घरात टांगून घेतली नसती, मग ती जिन्यातून उतरो नाहीतर आभाळातून.

तळघरात त्यांची बैठकीची खोली होती. पाइनच्या फळ्यांनी मढवलेल्या भिंती, कोपऱ्यात कधीकाळी पाहुण्यांसाठी बांधलेला छोटा बार, आता त्यावर जामच्या बाटल्या. तोर्केलनं सगळं आवरलं. सरळ रेषेच्या, गाठी कमी असलेल्या पट्ट्या निवडायला तो लाकडाच्या वखारीत दोन तास घालवून आला. जुन्या रिळांचं चित्र रुंदीला बेताचं असतं, म्हणून त्यानं चौकट दोन मीटर चाळीसची केली, उंची एक ऐंशी. कोपरे अर्धे कापून एकमेकांत बसवले, मध्ये आडवा आधार दिला, दोन्ही कर्ण मोजले. फरक होता एका मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी त्यानं एक कोपरा पुन्हा सोडवला.

कापड पडद्याचंच, उजेड आरपार जाऊ न देणारं, पांढरंशुभ्र. त्याच्या घड्यांच्या रेघा जाईनात म्हणून दोघांनी ते चादरीसारखं ओढलं. मग तोर्केलनं ते चौकटीवर ताणलं. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग समोरासमोर सरकत कोपऱ्यांपर्यंत. भोवती काळ्या मखमलीची चार बोटं रुंद किनार. पाणसळ लावून भिंतीवर टांगलं, तेव्हा हिलेवीनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की हे माझ्या लग्नाच्या पोशाखापेक्षा नीट शिवलंय.

रिळं त्यानं शेजारच्या सुंड्सवाल शहरातल्या स्टुरे नावाच्या माणसाकडून संगणकात भरून आणली होती. नोव्हेंबरातल्या एका दुपारी, तीनच्या सुमारास, बाहेर अंधारून आल्यावर त्यानं प्रोजेक्टरवर पहिलं रीळ लावलं. तळ्याचा काठ, होडी, कुणाचातरी कुत्रा पाण्यातून बाहेर येऊन अंग झटकतोय. हिलेवी पडद्यापासून दोन हातांवर बसली होती, मान जराशी तिरकी. मग म्हणाली, "कुत्र्याचं पाणी दिसतंय मला. एकेक थेंब." आणि तिला रडू आलं. तोर्केललाही आलं. जन्मात हातानं केलेल्या वस्तूंपैकी कशाचा त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

३

रोज दुपारी एक रीळ, कॉफी आणि दालचिनीचा पाव, असा नेम बसला. आठ दिवस सुखात गेले. प्रत्येक रिळात तोर्केलच तोर्केल, किंवा नातेवाईक, किंवा बर्फ. हिलेवी कुठंच नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. त्यावरून त्यानं तिला चिडवलंही, की लोक म्हणतील हा बुवा ब्रह्मचारी होता.

नववं रीळ लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातलं. हिलेवीच्या माहेरच्या जुन्या घरामागचं गवत, एक बर्चचं झाड, आणि दाढीवाला तरुण तोर्केल चादर ओढतोय. तीन मिनिटं तेवढंच. चादर त्याच्या हातांतून निघून डावीकडे जात होती आणि पडद्याच्या कडेला संपत होती. मध्येच एक असा हिसका बसला, की तरुण तोर्केल गवतावर पडता पडता वाचला आणि हसत सुटला.

म्हातारा तोर्केलही हसला. मग त्याच्या लक्षात आलं.

दुसरं टोक कुणी धरलं होतं?

कॅमेरा हिलेवीकडे. तिची आई आदल्या हिवाळ्यात गेलेली. आसपास दोन किलोमीटर घर नाही. त्यानं तिला विचारलं. ती म्हणाली, बांधली असेल झाडाला. तो म्हणाला, झाड हिसका देत नाही. उलट, असा हिसका देण्याची खोड लग्नानंतर वर्षभर तिचीच होती, नंतर तिचा हात सावकाश झाला. हिलेवी म्हणाली, एवढ्या जुन्या गोष्टी कुणाच्या ध्यानात राहतात, उद्या तळ्याचं लाव बाई पुन्हा. तोर्केलला वाटलं, असेल एखादी मैत्रीण, नाहीतर तिची चुलतबहीण सिग्ने. तो दिवे लावायला उठला, आणि उठता उठता त्यानं पाहिलं, की डावीकडच्या मखमलीवर चित्राची एक बोटभर पट्टी पडली होती. चादरीचा पुढचा भाग.

४

प्रोजेक्टर तिरका बसला असणार. त्यानं पाणसळ लावली. सरळ होता. उजवीकडची कड तपासली. तिथं चित्र मखमलीच्या टोकाला नेमकं टेकलेलं, केसभरही इकडंतिकडं नाही. मग डावीकडेच जादा कुठून आलं? त्यानं भिंगासमोर पंजा धरला. पडदा अंधारला. डावीकडच्या पट्टीला मात्र अंधारायला क्षणभर उशीर झाला.

डोळ्यांचा खेळ, त्यानं स्वतःला समजावलं. उजेड गेला तरी डोळ्यात थोडा वेळ राहतो, हे त्यानंच मुलांना शिकवलं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यानं स्टुरेला फोन केला. भरताना चित्राच्या कडा कापल्यास का, म्हणून विचारलं. स्टुरे जरा दुखावला. म्हणाला, रिळावर आहे तेवढं आहे, त्यापलीकडे चित्रच नाही, फिल्म ओढायची भोकं आहेत. दुसऱ्या दिवशी पट्टी तळहाताएवढी रुंद झाली होती. मखमलीवरून ती लाकडी भिंतीवर गेली होती; पाइनच्या गाठींवरून एक पांढरी, ताणलेली चादर.

दुसरा कुणी असता तर त्यानं ते रीळ खोक्यात टाकून झाकण लावलं असतं. पण अर्धवट कापलेलं चित्र तोर्केलच्यानं सहन होईना. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हिलेवीला दिसतात त्या फक्त कडा. जिला कडाच दिसतात तिच्यासाठी केलेल्या पडद्याची कडच खोटी निघावी, हे त्याला आपल्या हाताचं अपयश वाटलं. सात मीटर कापड आणलं होतं, पुष्कळ उरलं होतं. त्यानं चौकट उतरवली, डावीकडची बाजू सोडवली आणि अर्धा मीटर वाढवायला घेतली.

हिलेवी जिन्यात उभी राहून पिना उपटण्याचा आवाज ऐकत होती. म्हणाली, "पुरे झालं ना, तोर्केल. छान दिसतंय मला आहे तेवढं."

ती त्याला मास्तर म्हणायची. नावानं हाक मारायची ती फक्त काही बिघडलं असलं तर. त्याला वाटलं, आपल्या गुडघ्यांची काळजी करतेय.

५

वाढवलेला भाग चित्रानं भरून टाकला. एका दिवसात. कडेपर्यंत, आणि पुन्हा बोटभर पुढं.

आता गवतावर एक बादली दिसत होती. बादलीपाशी चपलांचा जोड. चादर त्यांच्यावरून पुढं डावीकडे जात होती, घट्ट होत होती, सैल पडत होती. तरुण तोर्केल त्या दिशेला बघून काहीतरी बोलत होता आणि हसत होता. रिळाला आवाज नव्हता. तळघरात फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर आणि वरच्या रस्त्यावरून बर्फ ढकलत जाणाऱ्या गाडीची धडधड.

जिची त्यानं आधी दखलच घेतली नव्हती अशी एक गोष्ट त्या दिवशी त्याच्या ध्यानात आली. आधीच्या आठही रिळांत तो दर दहा सेकंदांनी कॅमेऱ्याकडे बघत होता, कारण हिलेवी हटकायची, इकडं बघ, इकडं बघ. या रिळात त्यानं तीन मिनिटांत एकदाही इकडं पाहिलं नव्हतं. इकडं कुणी उभं आहे हे त्या पोराच्या गावीही नव्हतं.

तोर्केलनं हे हिलेवीला सांगायला मान वळवली. तिनं तोंड उजव्या भिंतीकडे फिरवलं होतं. पूर्ण. बिचारी कंटाळली, असं त्याच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दवाखान्यातल्या बाईंचे शब्द आठवले. ती कंटाळली नव्हती. ती डावी कड बघत होती, होती नव्हती तेवढी नजर लावून, आणि तिच्या मांडीवरचा पाव बोटांत चुरगळून गेला होता.

काय दिसतंय, त्यानं विचारलं. ती म्हणाली, काही नाही, गवत. बेचाळीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढं तरी कळतं, की समोरची खोटं बोलतेय. त्याला तिची दया आली. डोळे चाललेत, बाई घाबरलीय, आणि घाबरलेलं दाखवायचं नाही. अशा वेळी अर्धवट सोडून देणारा नवरा काय कामाचा? त्यानं उरलेलं कापड उलगडून मोजलं. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत पुरत होतं.

६

त्या आठवड्यात गुरुवारी चादरी ओढल्या गेल्या नाहीत. हिलेवी म्हणाली, अंग दुखतंय. शुक्रवारी तिनं त्याच्या आवडीची मटाराची आमटी केली, सोबत पॅनकेक, आणि जेवताना अगदी साध्या आवाजात म्हणाली की त्या नवव्या रिळाची बाकी कुणालाच गरज नाही, तेवढं जाळून टाकू. तोर्केल म्हणाला, जाळायचं काय त्यात? ती म्हणाली, मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय का?

खरंच तिनं कधी काही मागितलं नव्हतं. तो विचारात पडला. त्याला न्यूमोनिया झाला होता तेव्हा सहा आठवडे ती खुर्चीत झोपली होती. मूल होणार नाही असं कळलं त्या दिवशी तिनं त्याचा हात धरून बंदरापर्यंत फेरी मारून आणली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. अशा बाईचा एवढा शब्द राखायला काय हरकत होती? काहीच नाही. शहाण्यानं तिथंच थांबावं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याच्या हाताला काम पुरं करायची सवय लागलेली असते, त्याचा हात पुढं होतोच.

तो म्हणाला, "वसंतात तुला काही दिसेनासं झालं, आणि मी कोपरा अर्धा ठेवला होता असं माझ्या मनात राहिलं, तर मला जगता येणार नाही गं. एवढं करू दे."

हिलेवीनं त्याच्या चेहऱ्याच्या दिशेनं पाहिलं. चेहरा तिला दिसत नव्हता. ती म्हणाली, "कर मग."

शनिवारी सकाळभर तो तळघरात होता. नवी पट्टी कोपऱ्यापर्यंत, मधला आधार दुहेरी, कर्ण बरोबर. डावीकडे मखमल लावायला जागाच उरली नाही; कापड थेट भिंतीच्या कोपऱ्याला भिडलं. एकट्यानं ताणताना कापड हवं तसं ताणलं गेलं, जरा जास्तच चांगलं. त्याबद्दल त्यानं विचार केला नाही. त्याला जेवणाआधी काम संपवायचं होतं.

७

दुपारी अडीच वाजता हिलेवी स्वतःहून खाली आली. तिनं केस विंचरले होते आणि चांगला स्वेटर घातला होता. ती नेहमीच्या खुर्चीत बसली, तोर्केलनं आपली खुर्ची तिच्याशेजारी ओढली आणि नववं रीळ लावलं.

गवत. बर्च. दाढीवाला पोरगा. बादली, चपला. चादर डावीकडे गेली, गेली, आणि पडदा संपण्याआधी तिला हात फुटले. पाण्यानं लाल झालेले, बोटांची पेरं जाड. मग निळा स्कर्ट. मग एक बाई मागं रेललेली, डोक्याला रुमाल, उन्हामुळं डोळे बारीक केलेली, हसणारी. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला.

तोर्केल त्या दाताला ओळखत होता. लग्नानंतर वर्षभर त्या दातावर त्यानं प्रेम केलं होतं. त्या उन्हाळ्यानंतरच्या शरदात एकदा हिलेवी शहरात जाऊन आली आणि म्हणाली, दात भरून आणला.

त्यानं डोळे चोळले नाहीत, आणि काही चुकलं असेल असंही त्याला वाटलं नाही. कामात त्याची नजर कधी चुकली नव्हती आणि आताही चुकत नव्हती. चादरीच्या दुसऱ्या टोकाला हिलेवी होती. भुवईवरचा तीळ, एक खांदा जरा खाली, सगळी. त्याची हिलेवी, चोवीस वर्षांची, चादर धरून. मग हे चित्र काढत कोण उभं होतं?

तेवढ्यात चित्र हललं. आतापर्यंत खिळून राहिलेला कॅमेरा चालू लागला. पावलापावलानं, गवतातून, बादलीपाशी, चपलांपाशी, डावीकडे. तरुण तोर्केल चित्रातून उजवीकडे निघून गेला, आपल्याच नादात. बाईनं आवाज ऐकावा तशी मान वळवली. तिनं इकडं पाहिलं. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. तिची बोटं उघडली. चादरीचे कोपरे गवतावर पडले.

पुढं पांढरं. पंखा घरघरत राहिला.

तोर्केलला आपल्या शेजारचा श्वास ऐकू येत होता, गेली कितीतरी वर्षं रोज ऐकलेला. तो संथ होता. हिलेवीचं तोंड उजव्या भिंतीकडे होतं.

"चेहऱ्यापर्यंत नाही पोचले मी," ती म्हणाली. "शेवटी फार मध्ये आली ती. कोण होती रे?"

त्याला सहा आठवड्यांची ती खुर्ची आठवली. बंदरापर्यंतची फेरी आठवली. गाडीतला तिचा विनोद, कुत्र्याच्या पाण्यासाठी तिला आलेलं रडू. हे सगळं कुणी केलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. ज्या कुणी केलं होतं तिच्यावर त्याचं प्रेम होतं, एवढं मात्र पाणसळीनं मोजल्यासारखं त्याला पक्कं माहीत होतं. त्या जुन्या गवतावर काय झालं हे विचारायला तोंड उघडलं, तर ती खरं सांगेल. तिनं सांगू नये असं त्यानं ठरवलं. आयुष्यात त्यानं तिला कधी चुकीचं माप सांगितलं नव्हतं.

"तुझी चुलतबहीण," तो म्हणाला. "सिग्ने."

हिलेवीनं एक लांब श्वास सोडला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला भीती होती, तू तिला ओळखशील."

तिनं चाचपत त्याचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला. त्याचा हात गार पडला होता. त्यानं तो काढून घेतला नाही.